वेळ सांगणारं प्लास्टिक

उन्हाळ्यात रात्री दक्षिणेकडे पाहिलं की वृश्चिकाच्या डोक्याशी अनुराधा नक्षत्र दिसतं. त्याच नावाचं एक भारतीय उपकरण २९ एप्रिल १९८५ रोजी चॅलेंजर यानातून, स्पेसलॅब-३ मोहिमेत, अवकाशात गेलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या सुकुमार बिस्वास आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ती निर्मिती.

आत होती सीआर-३९ प्लास्टिकच्या पातळ चकत्यांची चळत. चष्म्याच्या भिंगांनाही हेच प्लास्टिक वापरतात. वैश्विक किरणांतला जड कण त्यातून गेला की वाटेतले रेणूबंध तुटतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही. परत आणून कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात ठेवलं की ती दुखावलेली वाट लवकर झिजते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली शंकूसारखा खड्डा दिसतो. त्यावरून कण कोणत्या मूलद्रव्याचा, किती ऊर्जेचा, हे ठरवता येतं.

पण कण कधी आला? प्लास्टिकला ते सांगता येत नाही. अनुराधेची खरी प्रतिभा इथे आहे. वरची चळत स्थिर. खालची ठरावीक वेळाने किंचित फिरणारी. एकाच कणाची खालची वाट वरच्या वाटेपासून जेवढी सरकलेली, त्यावरून त्याच्या येण्याची वेळ कळते. वेळ कळली की यान तेव्हा कुठे होतं ते कळतं, आणि तिथलं पृथ्वीचं चुंबकक्षेत्र कोणत्या कणांना अडवतं हे ठाऊक असतंच. अख्खी पृथ्वी उपकरणाचा भाग होते! सगळे इलेक्ट्रॉन गमावलेला कमी ऊर्जेचा ऑक्सिजन जिथे पोचूच शकला नसता, तिथे ऑक्सिजन सापडला. म्हणजे त्याने जेमतेम एखादाच इलेक्ट्रॉन गमावला होता. किती देखणा तर्क!

हेच प्लास्टिक अंतराळवीरांच्या मात्रामापकातही असतं. क्ष-किरण विभागातल्या कर्मचाऱ्यांच्या छातीवर किरणोत्साराची मात्रा मोजणाऱ्या स्फटिकांचा टीएलडी बिल्ला असतो. तसे स्फटिक प्रोटॉनची मात्रा चांगली मोजतात, पण जड आयनांची कमी दाखवतात. सीआर-३९ हलक्या माऱ्याची नोंद घेत नाही, जड कणांची मात्र घेतं. म्हणून दोन्ही सोबत ठेवतात. तेवढ्याच मात्रेत जड कण पेशींना जास्त इजा करतात, त्यामुळे ही जोडी अत्यावश्यक आहे. आपल्याकडे किरणोत्सारी कामातल्या माणसाला वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. अंतराळस्थानकात सहा महिन्यांत साधारण ८० ते १६० होतात.

गगनयानातल्या वीरांच्या मात्रेचा आकडा उद्या वाचाल, तेव्हा किती एवढ्यावर थांबू नका. कोणत्या कणांची, तेही विचारा.