कृतज्ञतेचें ओझें

निर्वासिताची दया करणें सोपें आहे. त्याला ‘नको’ म्हणण्याचा अधिकार देणें अवघड. जोनाथन केइजर यांच्या ‘पीस बाय चॉकलेट’ (२०२१) या बोलपटाविषयीं आम्हांस आदर वाटला तो त्यांनीं हा अधिकार मान्य केला म्हणून, आणि निराशा झाली ती त्यांनीं तो शेवटीं परत घेतला म्हणून.

कथा घडलेली आहे. दमास्कस येथें इसाम हदहद यांचा १९८६ पासूनचा चॉकलेटचा कारखाना होता. २०१२ सालीं तो बाँबहल्ल्यांत नष्ट झाला. कुटुंबानें लेबनॉनमध्यें तीन वर्षें काढलीं. मग कॅनडांतील नोव्हास्कोशिया प्रांतीं, अँटिगोनिश नांवाच्या लहानशा गांवीं, प्रथम मुलगा तारेक २०१५ च्या डिसेंबरांत आला व पुढल्या महिन्यांत आईबाप आले. गांवच्या मंडळींनींच त्यांचा भार पत्करला होता. घरीं केलेलें चॉकलेट लोकांना आवडलें, धंदा उभा राहिला, आणि २०१६ च्या सप्टेंबरांत तेव्हांचे पंतप्रधान ट्रूडो यांनीं संयुक्त राष्ट्रांत या कुटुंबाचा गौरवानें उल्लेख केला.

एवढें वृत्तपत्रांवरूनही समजतें. बोलपटानें पुढें आणला आहे तो बापलेकांचा तंटा. तारेक सीरियांत वैद्यकी शिकत होता. त्याला तेंच पुरें करावयाचें आहे. बापाला इंग्रजी येत नाहीं, म्हणून मुलाची जीभ त्याला धंद्यासाठीं हवी आहे. गांवालाही हें कुटुंब आपल्या औदार्याचा दाखला म्हणून हवें आहे. ज्यांनीं निवारा दिला त्यांच्यासमोर ‘मला हें नको’ असें कोणत्या तोंडानें म्हणावें? हा पेंच खरा आहे, आणि आयहाम अबू अम्मार या तरुण नटाला तो समजला आहे. पण तंटा फार लवकर मिटतो. मुलानें काय गमावलें, तें गोडव्यांत विरघळून जातें. त्या हिवाळ्यांत कॅनडानें पंचवीस हजार सीरियन लोकांना आश्रय दिला. त्या सर्वांनीं कांहीं कारखाने काढले नसणार.

इसामच्या भूमिकेंतील हातेम अली मात्र दिग्दर्शकाच्या पुढें गेले आहेत. हे स्वतः सीरियाचे नामांकित दिग्दर्शक. जन्म गोलानचा, आणि १९६७ च्या युद्धांत त्यांचें कुटुंबही घरादारास मुकलेलें. पॅलेस्टिनी लोकांच्या देशोधडीवर त्यांनीं २००४ सालीं दूरचित्रवाणीसाठीं मालिका केली होती. म्हणूनच कीं काय, परक्या गांवांत मुका झालेला हा कारागीर त्यांनीं कोठेंही केविलवाणा होऊं दिला नाहीं. चॉकलेट घडवितांना त्याचे हात जें बोलतात त्यास दुभाषा लागत नाहीं. बोलपट लोकांपुढें येण्यापूर्वींच, २०२० च्या डिसेंबरांत, हातेम अली निवर्तले.