गहू मोजले, संख्या राहिली

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट कधीच न सांगितलेला गणिताचा शिक्षक विरळाच. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत चौसष्ट घरे भरायची. राजा हसत हो म्हणतो आणि फसतो. मग फळ्यावर एकूण दाण्यांची संख्या येते : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. मुले ‘अबब!’ म्हणतात आणि तास संपतो.

आमचा आक्षेप गोष्टीवर नाही, ती जिथे थांबते त्या जागेवर आहे. गणित खरे तर तिथून पुढे सुरू होते.

पहिला प्रश्न, ही संख्या आली कोठून? चौसष्ट संख्यांची बेरीज करण्याची गरजच नाही. एक दाणा उसना घ्या. त्यात पहिल्या घरातला १ मिळवला की २ झाले. दुसऱ्या घरातले २ मिळवले की ४, तिसऱ्यातले ४ मिळवले की ८. प्रत्येक घरागणिक ढीग दुप्पट होतो आणि अखेरीस २ चा ६४ वा घात मिळतो. उसना दाणा परत केला की उत्तर तयार! दहा आकडी कॅल्क्युलेटरवर मात्र नेमका हाच दाणा दिसत नाही, आणि सारी युक्ती तर त्यातच आहे.

दुसरा प्रश्न, या संख्येचे अवयव कोणते? दोन वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र नववीच्या मुलांना येते. ते पुन्हा पुन्हा वापरले, की आपली संख्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७ यांचा गुणाकार आहे असे दिसते. यांतली पहिली ३ म्हणजे २ अधिक १. पुढची प्रत्येक संख्या आधीचीतून १ वजा करून, वर्ग करून, पुन्हा १ मिळवून तयार होते.

यांतल्या पहिल्या पाच मूळ संख्या आहेत. त्यावरून सतराव्या शतकात फर्मा या थोर गणितज्ञाला वाटले, की या मालिकेतली प्रत्येक संख्या मूळच असणार. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवले, की सहावी संख्या म्हणजे ६४१ गुणिले ६७००४१७. ६५५३७ च्या पुढे या मालिकेत एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही.

आपण वर्गात काय करतो? तीन-चार उदाहरणे जुळली, की ‘म्हणून नियम असा’ असे लिहून मोकळे होतो. इथे पाच जुळली होती आणि फसला तो फर्मा! राजाच्या फजितीपेक्षा ही फजिती मुलांना अधिक शिकवील. तेव्हा पुढच्या वेळी ‘अबब’वर तास संपवू नका. ४२९४९६७२९७ ला ६४१ ने भागायला सांगा. कॅल्क्युलेटर न घेता, वहीत.