मुकं कॉकपिट

पुण्यात घोरपडीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात मिग-२३ बीएन हे लढाऊ विमान उभं आहे. याच जातीची विमानं १९९९मध्ये कारगिलला लढली आणि २००९मध्ये हवाई दलातून निवृत्त झाली. त्याचं नाक पुढे उतरतं आहे. वैमानिकाला खालची जमीन नीट दिसावी म्हणून. म्हणजे पुढचा सगळा आकार एका नजरेसाठी घडलेला. आपण मात्र तो जमिनीवरून, नेमका उलट बाजूने पाहतो. स्मारकाने मान झुकवायला लावावी. ते काम इथे होतं. पण यंत्र समजायचं तर कॉकपिटमध्ये डोकवावं लागतं.

तिथे वाचण्यासारखं बरंच असतं. सोव्हिएत लढाऊ विमानांचा तो हिरवट-निळा रंग, आणि पॅनेलच्या मधोमध उभी पांढरी रेघ. विमान गिरक्या घेत कोसळू लागलं, की भांबावलेल्या वैमानिकाने दांडा त्या रेघेच्या रोखाने धरायचा. चाकणला बनणाऱ्या गाड्यांच्या डॅशबोर्डसाठी सॉफ्टवेअर लिहिणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. घाबरलेल्या माणसाचा इतका नेमका विचार आमच्या रंगीत पडद्यांवर क्वचितच दिसतो.

म्हणूनच जीर्णोद्धार म्हणजे नवा रंग, हे मला पटत नाही. २६ सप्टेंबर २०२५ला मिग-२१ निवृत्त झालं. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सने ही विमानं बांधली. पुढे त्यांतल्या काहींची ‘बायसन’ झाली. बायसनच्या कॉकपिटमध्ये काट्यांच्या जुन्या तबकड्यांशेजारी नवा पडदा बसला. जुन्या कोडवर पॅच चढवावा तसा. आता डागडुजी करताना परतायचं कुठल्या सालात? कारखान्यातलं कोरेपण हवं असेल, तर तो पडदा काढावा लागेल, आणि त्यासोबत मधली सगळी वर्षंही.

माझ्या मते शेवटच्या उड्डाणाचा दिवस प्रमाण धरावा. खुर्ची बाहेर फेकणारी स्फोटकं काढावीत, जुन्या तबकड्यांवर रेडियमचा रंग आहे का ते तपासावं. पण हातमोज्यांनी झिजलेली कळ झिजलेलीच राहू द्यावी. हरवलेलं बटण भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये हुबेहूब बनवून घेता येईल. ते जरूर बसवावं, फक्त मागे आजचं साल कोरून.

खरी घाई मात्र वेगळीच आहे. कोणती कळ कशाच्या आधी दाबायची, हे ज्यांच्या बोटांना पाठ आहे ते वैमानिक आणि तंत्रज्ञ आज आपल्यात आहेत. त्यांना त्या खुर्चीत बसवून बोलतं करणं, हा जीर्णोद्धाराचा अर्धा भाग. रंगाचा डबा काय, दहा वर्षांनीही मिळेल.