'सांगत्ये ऐका' : कथित आत्मचरित्रातील 'मी'

हंसा वाडकर (जन्म १९२३) या अभिनेत्रीचे नाव मराठी समीक्षेत प्रामुख्याने 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनामुळे येते. श्री. ग. माजगावकर यांच्या 'माणूस'मधून प्रथम वाचकांसमोर आलेले हे कथन १९७० मध्ये 'राजहंस'ने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. हंसाबाईंनी ते सांगितले, अरुण साधू यांनी शब्दबद्ध केले. 'प्रांजळ', 'बेधडक' ही विशेषणे या पुस्तकाला तेव्हापासून चिकटली आहेत. तथापि प्रांजळपणा हा व्यक्तीचा गुण झाला. संहितेची घडण त्याने स्पष्ट होत नाही.

आरंभ शीर्षकापासूनच करावा लागतो. ते अनंत माने यांच्या १९५९ मधील तमाशापटाचे आणि त्यात हंसाबाईंची महत्त्वाची भूमिका होती. 'सांगत्ये' या रूपात बोलीचा उच्चार आणि स्त्रीलिंगी कर्ता दोन्ही आहेत. 'ऐका' या आज्ञार्थात श्रोतृवर्ग गृहीत आहे. लेखणी पुरुषाची असली, तरी क्रियापदाचे लिंग निवेदिकेचे राहते. म्हणून खरे शब्द कोणाचे, हा वाद येथे गौण ठरतो. सांगणारी आणि लिहून घेणारा यांच्यातील व्यवहार हीच या 'मी'ची जडणघडण आहे.

या 'मी'ला दोन स्वर आहेत. 'संत सखू' (१९४१) मधील सोशिक सुनेचा एक. 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) मधील तमासगीर नायिकेचा दुसरा. कलावंतिणींच्या घराण्यात जन्मलेली, बालवयातच घरच्या गरजेपोटी कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली ही स्त्री संसाराची आस सांगते तेव्हा पहिला स्वर ऐकू येतो. मद्यपान, पतीशी झालेला संघर्ष, मराठवाड्यातील बंदिस्त वास्तव्य यांविषयी ती बोलते तेव्हा दुसरा. हे स्वर एकमेकांत विरत नाहीत, आणि या विसंगतीतच पुस्तकाचे सामर्थ्य आहे. कुलीन गृहिणीचा आदर्श तिला हवा आहे. पण ज्या मिळकतीवर घर चालते, तीच तिला त्या आदर्शाबाहेर ठेवते.

येथे शांता आपटे यांच्या 'जाऊ मी सिनेमात?' (१९४०) या पुस्तकाची आठवण उपयुक्त ठरते. आपटे चित्रपटव्यवसायाची चिकित्सा करतात; त्यांचा 'मी' युक्तिवाद करणारा आहे. दुर्गा खोटे यांच्या 'मी, दुर्गा खोटे'मागे शिक्षण व प्रतिष्ठित कुटुंब यांचे पाठबळ आहे. हंसाबाईंपाशी यांपैकी काही नव्हते. होती ती केवळ प्रेक्षकाला सामोरे जाण्याची सवय. त्यांचे आत्मकथन हा त्या अर्थाने त्यांच्या व्यवसायाचाच विस्तार आहे.

श्याम बेनेगल यांच्या 'भूमिका' (१९७७) या चित्रपटाने या कथनाचा आधार घेतला आणि स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. परंतु माध्यमांतरात एक मूलभूत बदल घडला. पुस्तकात स्त्री सांगते आणि वाचक ऐकतो. चित्रपटात उषा दिसते आणि प्रेक्षक पाहतो. पूर्वस्मृतीच्या तंत्राने तिचे आयुष्य उलगडते, पण त्याची मांडणी कॅमेऱ्याच्या हाती असते. निवेदिका पुन्हा एकदा पडद्यावरील प्रतिमा होते. 'भूमिका'ची कलात्मक उंची मान्य करूनही हे नोंदवावे लागेल, कारण आज अनेक वाचक चित्रपटामार्फतच पुस्तकाकडे येतात आणि हंसाबाईंच्या जागी उषेला वाचतात.

अशा कथित आत्मचरित्रांना 'दस्तऐवज' म्हणून समाजशास्त्राच्या दालनात ठेवण्याची आपल्या समीक्षेची रीत आहे. तिने सांगणारीला साक्षीदाराचा दर्जा मिळतो, कर्तीचा नव्हे. 'सांगत्ये ऐका'चे वाचन साहित्यकृती म्हणून व्हायचे, तर त्यातील स्वरभेद, मौने आणि श्रोत्याला दिलेली हाक यांचा विचार आधी करावा लागेल.