‘अस्तु’ आणि ‘आमेन’

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर या दिग्दर्शकद्वयाचा ‘अस्तु’ हा मराठी चित्रपट २०१३ सालचा. त्या वर्षाच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत अमृता सुभाष यांना साहाय्यक अभिनेत्रीचा आणि सुमित्रा भावे यांना संवादलेखनाचा पुरस्कार या चित्रपटासाठी मिळाला. त्याच्या कलागुणांची चर्चा जाणकारांनी यापूर्वीच केली आहे. तिची पुनरुक्ती करण्याचा येथे हेतू नाही. धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी हा चित्रपट का पाहावा, आणि तो पाहताना कोठे थांबून विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कथानक साधे आहे. डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे नामवंत पंडित. उतारवयात त्यांना अल्झायमर या व्याधीने ग्रासले आहे. ही भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली असून ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कन्या इरा वडिलांना मोटारीतून घेऊन निघाली असता काही कामासाठी त्यांना गाडीत बसवून थोडा वेळ दूर जाते. रस्त्याने एक हत्ती जातो. शास्त्रीबुवा बालसुलभ कुतूहलाने त्याच्यामागे चालू लागतात आणि हरवतात. इकडे इरा जिवाच्या आकांताने शोध घेत असते. तिकडे माहुताची कानडी बोलणारी बायको चन्नम्मा या अनोळखी वृद्धाला आपल्या गरिबीच्या संसारात सामावून घेते, जेवू घालते, सांभाळते. ज्याने आयुष्यभर इतरांना शिकविले तो पंडित या निरक्षर स्त्रीला ‘आई’ म्हणून हाक मारू लागतो.

ही एका घराची कथा असली तरी एका घरापुरती नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ साली जगात सुमारे ५ कोटी ७० लाख लोक स्मृतिभ्रंशाने पीडित होते, आणि दरवर्षी त्यांत जवळजवळ एक कोटीची भर पडते. यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक लोक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. आपल्या देशासंबंधी २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख वृद्धांना हा विकार असल्याचे अनुमान काढण्यात आले. माणसे पूर्वीपेक्षा अधिक जगू लागली हे त्याचे एक मोठे कारण होय. तेव्हा आपल्या धर्मग्रामात असा कोणी नाही असे जो धर्मगुरू म्हणतो, त्याने आपली घरभेटींची वही पुन्हा एकदा उघडून पाहावी. ज्या घरातील आजोबा-आजी हल्ली मिस्साला दिसत नाहीत, त्या घरी त्याचे जाणे कधी थांबले, हे त्याला तेथे सापडेल.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मराठीत या विकाराला आपण ‘स्मृतिभ्रंश’ म्हणतो. हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायाची आठवण करून देतो. तेथे क्रोधापासून संमोह, संमोहापासून स्मृतीचा भ्रंश, त्यापासून बुद्धीचा नाश आणि बुद्धिनाशातून मनुष्याचा सर्वनाश अशी साखळी सांगितली आहे. तेथील विषय इंद्रियांमागे धावणाऱ्या मनाचा आहे, मेंदूच्या रोगाचा नाही, हे उघड आहे. तथापि शब्दाबरोबर त्याची सावलीही येते. स्मृती गेली म्हणजे माणूस गेला, आणि बहुधा त्याच्याच दोषाने गेला, असे आपण नकळत समजू लागतो. पाश्चात्त्य विचारही याबाबतीत फार निराळा नाही. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने माणसाचे ‘तोच असणे’ त्याच्या जाणिवेच्या आणि आठवणींच्या सातत्यावर आधारले. हा धागा तुटला की व्यक्ती उरते की नाही, असा प्रश्न त्यातून अपरिहार्यपणे उभा राहतो.

सेमिनरीत ईशज्ञान शिकलेल्या आपणा सर्वांना या प्रश्नाचे एक अधिक अवघड रूप ठाऊक आहे. संत ऑगस्टीन यांनी त्रैक्यावरील आपल्या ग्रंथात मानवातील देवाची प्रतिमा स्मृती, आकलन आणि इच्छा या त्रयीत शोधली. मग ज्याची स्मृती ढासळली, आकलन मंदावले आणि इच्छाशक्ती लुळी पडली, त्याच्यातील प्रतिमेचे काय झाले? ऑगस्टीन यांना हा धोका दिसला नव्हता असे नाही. त्याच ग्रंथाच्या चौदाव्या भागात ते सांगतात की, ही प्रतिमा झिजून जवळजवळ नाहीशी झाल्यासारखी वाटो, मळून विद्रूप होवो वा स्वच्छ व सुंदर असो, ती असतेच. आपण वर्गात त्रयीचा भाग पाठ करतो आणि हे पुढचे विधान मात्र विसरून जातो.

‘अस्तु’ हा चित्रपट तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत याचे उत्तर देत नाही. तो चन्नम्मा दाखवितो. इराची वेदना अशी की, वडील कोण होते हे तिला माहीत आहे. प्रत्येक दिवशी ती समोरच्या वृद्धाची तुलना त्या गेलेल्या पंडिताशी करते आणि प्रत्येक दिवशी तिला नव्याने वियोग सोसावा लागतो. चन्नम्माला त्यांची विद्वत्ता ठाऊक नाही. त्यांची भाषाही तिची नाही. समोर भुकेलेला, भ्यालेला एक माणूस आहे, एवढेच तिला दिसते आणि तेवढे तिला पुरते. चित्रपटाचे खरे सामर्थ्य मला येथे जाणवते.

चित्रपटाचे नाव मात्र दोन अर्थांनी घेता येईल. ‘अस्तु’ म्हणजे ‘असो’, ‘तसे होवो’. प्रेक्षक त्यातून अलिप्त स्वीकाराचा अर्थ काढू शकतो : जे आहे ते आहे, भूतकाळाचे ओझे उतरले, आता हा जीव बालकासारखा वर्तमानात मुक्त आहे. या अर्थाचा मोह मोठा आहे. परंतु तो सत्य नव्हे असे मला वाटते. ज्यांनी या रुग्णांजवळ रात्री काढल्या आहेत त्यांना विचारावे. भीती, संशय, संतापाचे झटके, दाराबाहेर पडण्याची धडपड, आपल्याच घरात ‘मला घरी न्या’ असा आक्रोश, याला मुक्ती म्हणता येणार नाही.

आपल्या उपासनेत ‘अस्तु’च्या जागी ‘आमेन’ हा शब्द आहे. तो ‘दृढ असणे, विश्वासपात्र असणे’ या अर्थाच्या इब्री धातूपासून झाला, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगतो. पण याच धातूपासून आणखी एक शब्द झाला आहे आणि तो आपण क्वचितच सांगतो : बालकाला उराशी धरून सांभाळणारी दाई वा पालक. गणनाच्या पुस्तकातील अकराव्या अध्यायात मोशे देवाकडे गाऱ्हाणे करतो की, तान्ह्या मुलाला दाईने न्यावे तसे या लोकांना मी उराशी धरून का न्यावे? तेथे हाच शब्द येतो. रूथच्या पुस्तकाच्या अखेरीस नामी बालकाला मांडीवर घेऊन त्याची दाई होते, तेथेही हाच शब्द आहे. आणि त्याच्याच आधीच्या वचनात शेजारणींनी नामीला सांगितले आहे की, हे मूल तुझ्या म्हातारपणाचा आधार होईल. आज जी सांभाळते तिलाच उद्या सांभाळून घ्यावे लागेल, हे त्या शेजारणी जाणून होत्या.

म्हणून ‘आमेन’ हा केवळ मान्यतेचा उद्गार नाही. त्या शब्दाच्या कुळातच दुसऱ्याला उचलून धरणे आहे. या चित्रपटातील ‘अस्तु’चा अर्थ पंडिताच्या शास्त्रात शोधण्याऐवजी चन्नम्माच्या हातांत शोधला, तर तो आपल्या ‘आमेन’च्या पुष्कळ जवळ येतो.

तरीही चित्रपटासंबंधी एक तक्रार नोंदविली पाहिजे. चन्नम्माची शुश्रूषा अल्पकाळाची आहे, इराची वर्षानुवर्षांची. अनोळखी माणसाला काही काळ आईची माया देणे थोर खरे, परंतु तोच प्रश्न दिवसातून पन्नास वेळा ऐकून पन्नासाव्या वेळीही शांतपणे उत्तर देणे हे अधिक कठीण आहे. चित्रपटाच्या प्रकाशाचा झोत मात्र पहिलीवर अधिक पडतो. शिवाय गरीब, अशिक्षित स्त्री जन्मतःच वात्सल्यमूर्ती असते असे मानण्यात एक सोय दडलेली असते. तिला वंदन केले की सुशिक्षित घरातल्या पुरुषांना आपली पाळी चुकविता येते. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या शुश्रूषेचे जे तास घरोघरी खर्ची पडतात, त्यांतील सुमारे सत्तर टक्के स्त्रियांचे असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या धर्मग्रामांत याहून वेगळे चित्र आहे असे कोणी म्हणू शकेल काय?

मानसिक रुग्णांचा परिचारक म्हणून काम करून पुढे ईशज्ञानाचा प्राध्यापक झालेला स्कॉटिश लेखक जॉन स्विंटन याने २०१२ साली या विषयावर एक ग्रंथ लिहिला. माणसाची ओळख त्याने काय लक्षात ठेवले यावर नव्हे, तर देव त्याला लक्षात ठेवतो यावर टिकून असते, असे त्याचे प्रतिपादन आहे. ते मला मान्य आहे. पण व्यासपीठावरून ते सांगताना सावध असावे. ‘देव त्यांना विसरत नाही’ हे वाक्य, आम्ही त्यांना विसरलो आहोत हे झाकण्यासाठी वापरले जाण्याचा संभव आहे. पवित्र शास्त्रात देव जेव्हा कोणाची आठवण करतो, तेव्हा त्या आठवणीपाठोपाठ काही घडते : पूर ओसरतो, वांझ स्त्रीला मूल होते, दास्यातून सुटका होते.

हे मी इतरांना उपदेश करण्यासाठी लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी एका रविवारी एक वृद्ध बाई सुनेचा हात धरून ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या रांगेत आल्या. मी ‘ख्रिस्ताचे शरीर’ म्हणालो. त्या माझ्याकडे नुसत्या पाहत राहिल्या. मी पुन्हा म्हणालो. मागे रांग थांबली होती. मी त्यांच्या कपाळावर क्रूसाची खूण केली आणि पुढच्याकडे वळलो. सुनेच्या चेहऱ्यावर काय होते ते मी पाहिले नाही. किंबहुना पाहण्याचे टाळले. त्यानंतर त्या दोघीही मिस्साला येईनाशा झाल्या. मी त्यांच्या घरी गेलो तो फार उशिरा.

माझे चुकले होते, आणि ते केवळ भावनेच्या दृष्टीने नव्हे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या ख्रिस्तशरीरविषयक प्रबोधनपत्रात असे स्पष्ट केले आहे की, स्नानसंस्कार व दृढीकरण झालेल्या मानसिकदृष्ट्या विकल व्यक्तींनाही शक्य तेथे ख्रिस्तशरीर द्यावे. आपल्याबरोबर असलेल्या कुटुंबाच्या वा समाजाच्या श्रद्धेतही ते त्याचा स्वीकार करीत असतात. तान्ह्या बालकाच्या स्नानसंस्काराच्या वेळी आईवडील व धर्ममातापिता श्रद्धेचा उच्चार करतात, हे आपल्याला कधी खटकत नाही. मग आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला सुनेने सासूसाठी ‘आमेन’ म्हटले, तर त्यात उणे काय आहे? रुग्णांच्या तैलाभ्यंगाबाबतही ख्रिस्तसभेचा नियम हाच कल दाखवितो : शुद्धीवर असताना रुग्णाने तो निदान अप्रत्यक्षपणे मागितला असता, अशांना तो द्यावा; आणि रुग्ण तेवढा गंभीर आहे की नाही याविषयी शंका असेल, तर देण्याच्या बाजूने निर्णय घ्यावा.

धर्मशिक्षकांसाठी दोन-तीन व्यावहारिक गोष्टी. विस्मरण वाढलेले दिसताच ते वयावर वा बाहेरच्या बाधेवर ढकलू नये. थायरॉइडची कमतरता वा ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव अशी काही कारणे उपचारांनी सुधारू शकतात, म्हणून आधी डॉक्टरांकडे पाठवावे. दुसरे, या रुग्णांच्या बाबतीत अलीकडे शिकलेले आधी जाते आणि बालपणीचे बहुधा दीर्घकाळ टिकते. गोव्यात वा बेळगाव भागात ज्यांनी पहिली प्रार्थना कोकणीत किंवा कानडीत शिकली, त्यांच्याजवळ बसून मराठी पुस्तकातली प्रार्थना वाचण्यापेक्षा त्यांच्या त्या पहिल्या भाषेत ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ हळूहळू म्हणावी. चन्नम्मा आणि शास्त्रीबुवा यांच्यामध्ये भाषेची भिंत उभी राहिली नाही. ती आपणही उभी करू नये. तिसरे, भेट रुग्णाची असते तशीच शुश्रूषा करणाऱ्याचीही असावी. आठवड्यातून दोन तास कोणी येऊन बसले, तर ती सून एकदा निवांतपणे मिस्साला येऊ शकेल.

सिराखच्या पुस्तकातील तिसऱ्या अध्यायात मुलांना आज्ञा आहे की, पित्याची बुद्धी मंदावली तरी त्याला सांभाळून घ्यावे, स्वतः धडधाकट आहोत म्हणून त्याचा अवमान करू नये. ‘अस्तु’ पाहून झाल्यावर तो अध्याय वाचावा. आणि पुढच्या रविवारी रांगेत कोणी नुसते पाहत उभे राहिले, तर रांग थोडी थांबू द्यावी; बरोबर आलेल्याकडे पाहावे, आणि कोणाकडूनच शब्द आला नाही तर ‘आमेन’ आपणच म्हणावे.