ख ती-ह्वा : डॉ. कोटणीस यांच्या चिनी नावाचे वाचन

सोलापूर जिल्ह्याच्या अभिमानस्थानांत डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१९१०-१९४२) यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. १९३८ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईहून चीनला निघालेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकातील ते एक होत. पुढे उत्तर चीनमधील बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले. हा तपशील आपल्याकडे सर्वपरिचित आहे. त्याच्याच जोडीने एक वाक्य बहुधा येते : चिनी लोक त्यांना 'के दिहुआ' म्हणत. एवढे सांगून लेखक पुढे जातो. हे नाव कोणत्या अक्षरांचे आहे, त्या अक्षरांचा अर्थ काय, ते कसे उच्चारावे, हे प्रश्न आपल्या कोटणीसविषयक लेखनात क्वचितच विचारले जातात. प्रस्तुत लेखात या नावाकडे एक लहानशी संहिता म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम उच्चाराचा विचार करणे सोयीचे ठरेल. 'के दिहुआ' हे लेखन चिनी भाषेवरून आलेले नाही. ते चिनी भाषेच्या रोमन लेखनावरून आलेले आहे. चीनने १९५८ मध्ये स्वीकारलेल्या पिनयिन पद्धतीत रोमन अक्षरांना विशिष्ट ध्वनिमूल्ये दिलेली आहेत. चिनी भाषेत आपल्या अर्थाने घोष स्पर्शव्यंजने नाहीत. तेथील भेद अल्पप्राण व महाप्राण असा आहे. रोमन लिपीत महाप्राणासाठी स्वतंत्र अक्षर नसल्याने पिनयिनमध्ये 'क' चे रोमन अक्षर 'ख' साठी आणि 'द' चे रोमन अक्षर अल्पप्राण 'त' साठी योजिले आहे. त्या अक्षरांच्या इंग्रजी वाचनावरून मराठीत लिहिले की नाव बिघडते. या नावातील पहिले अक्षर 'ख' असून त्यातील स्वर किंचित लांबवलेल्या 'अ' च्या जवळचा आहे. दुसरे 'ती' आहे. तिसरे 'ह्वा' हे एकच अवयव आहे, 'हुआ' असे दोन अवयव नव्हेत. म्हणजे 'ख ती-ह्वा'. सुरांचे चढउतार मात्र देवनागरीत दाखविता येत नाहीत, ही मर्यादा मान्य करावी लागते.

येथे मराठी अभ्यासकाने थोडे थांबावे असे वाटते. जो भेद रोमन लिपीला चिन्हांची ओढाताण करून दाखवावा लागतो, तो क-ख, च-छ, त-थ या जोड्यांच्या रूपाने आपल्या वर्णमालेत आयताच आहे. चीनच्या आंतरराष्ट्रीय आकाशवाणीच्या हिंदी विभागाने 'पेइचिंग', 'शी चिनफिंग' असे लेखन रूढ केले ते याच आधारावर. मराठीची सोय तर हिंदीहून अधिक आहे. 'चांगला' या शब्दातील दंततालव्य 'च' हा ध्वनी चिनी भाषेत आहे आणि प्रमाण हिंदीत नाही. सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेलेल्या चिनी प्रवाशाचे नाव आपण ह्युएन त्संग, युआन च्वांग, ह्वेनसांग अशा अनेक तऱ्हांनी लिहितो. त्याच्या नावाचा उत्तरार्ध 'चांगला' मधील 'चांग' सारखाच उच्चारला जातो, ही गोष्ट कोणत्याही मराठी विद्यार्थ्याला एका वाक्यात सांगता येईल. तरीही आपण चिनी नावे इंग्रजीच्या दारातूनच घरात घेतो.

अशा दारातून आत आलेल्या नावाचे काय होते, हे जाणून घेण्यासाठी चीनपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील वळसंग या गावाच्या नावातील 'ळ' रोमन लिपीत शिरला की 'ल' होतो, आणि मराठी-कन्नड या दोन्ही भाषांत 'ळ' असूनही रोमनमधून परतताना तो 'वलसंग' होऊन येतो. सोलापूरचे एक चिनी लेखन 'शाओ-ला-फू-अर' असे आहे. त्यातील 'शा' चे मूळ 'शोलापूर' या इंग्रजी अमदानीतील लेखनात आहे, हे उघड आहे. सारांश, नावाची पायपीट कोणत्या लिपीतून झाली, त्याच्या खुणा नावावर राहतात.

आता अर्थाकडे वळू. परकीय नावे चिनी अक्षरांत लिहिताना अक्षरे केवळ ध्वनीसाठी घेतली जातात, त्यांचा अर्थ पाहू नये, असा आक्षेप येथे घेता येईल. 'ख-ती-नी-स' असे चार अक्षरी 'कोटणीस' चिनी ग्रंथांत आढळते. त्या लेखनापुरता हा आक्षेप रास्त आहे. परंतु 'ख ती-ह्वा' हे लिप्यंतर नव्हे. ते आधी आडनाव व नंतर दोन अक्षरी नाव, अशा चिनी घडणीचे नाव आहे आणि चिनी वाचक अशा नावात अर्थ पाहतोच. डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचे 'पाय छ्यु-अन' हे नाव ध्वनीवरूनच बनले. तरी त्याची 'पांढरा', 'शोधणे' व 'कृपा' ही अक्षरे वाचकाच्या नजरेतून सुटत नाहीत.

पहिले अक्षर 'ख'. हे खरोखरीचे चिनी आडनाव आहे. त्याचा अर्थ झाडाची फांदी किंवा कुऱ्हाडीचा दांडा. जुन्या वेड-जाइल्स रोमन लेखनात हेच अक्षर 'को' सारखे दिसे. कोटणीसांच्या 'को' शी त्याची जुळणी त्यामुळे लक्षात येते. दुसरे अक्षर 'ती'. हे फुले येणाऱ्या एका झुडपाचे नाव. या दोन्ही अक्षरांच्या डाव्या अंगाला 'झाड' हे चिन्ह आहे. तिसरे अक्षर 'ह्वा' म्हणजे चीन. परंतु त्याचा जुना अर्थ फूल, बहर असा असून १९५० च्या दशकातील लिपिसुलभीकरणापूर्वीच्या रूपात, म्हणजे डॉ. कोटणीस ज्या रूपात ते लिहीत असतील त्यात, अक्षराच्या माथ्यावर 'गवत' हे चिन्ह होते. फांदी, झुडूप, फूल असे हे नाव आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट 'ती' आणि 'ह्वा' यांच्या जोडीत आहे. 'शी-चिंग' या चीनच्या प्राचीन गीतसंग्रहात भावांविषयीचे एक प्रसिद्ध गीत आहे. त्याचा आरंभ या झुडपाच्या फुलांनी होतो आणि मृत्यूच्या व संकटाच्या वेळी भावासारखा कोणी नाही, हा त्याचा आशय आहे. त्या गीतामुळे 'ती-ह्वा' ही जोडी चिनी साहित्यात 'भाऊ' या अर्थाने रूढ झाली. इतकेच नव्हे, तर 'ती' चा उच्चार 'धाकटा भाऊ' या अर्थाच्या अक्षराशी सुरासकट जुळतो, आणि जुन्या पत्रव्यवहारात त्या अक्षराऐवजी हेच लिहिले जाई. जुने वाङ्मय वाचलेल्या चिनी माणसाला या नावात 'ख घराण्यातील बंधू' ऐकू येणे सहज शक्य आहे.

हा अर्थ नाव देणाऱ्याच्या मनात होता काय? पथकातील डॉक्टरांना येनानकडे जाण्यापूर्वी 'ह्वा' अखेरीस असलेली नावे देणारे गृहस्थ म्हणून शांतिनिकेतनच्या चीना भवनाचे संस्थापक प्रा. तान युन-शान यांचा उल्लेख केला जातो. त्यांच्यासारख्या विद्वानास हे गीत अपरिचित असणे संभवत नाही. तथापि हेतू आणि वाचन या भिन्न गोष्टी आहेत. 'ह्वा' पाचही डॉक्टरांना मिळाला; तेव्हा कोटणीसांच्या बाबतीत 'ती' शी पडलेली त्याची गाठ योगायोगाचीही असू शकेल. समीक्षकाने हेतू सिद्ध करण्याच्या भरीस न पडता, अर्थ संहितेत आहे एवढे म्हणावे.

पाच नावे एकत्र वाचली म्हणजे हा योगायोगाचा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. नागपूरचे डॉ. चोळकर 'च्वो ख-ह्वा' झाले. 'च्वो' म्हणजे श्रेष्ठ, उत्तुंग. डॉ. मुखर्जी 'मु ख-ह्वा' झाले; 'मु' म्हणजे लाकूड. डॉ. बसू 'पा सु-ह्वा' झाले. पथकप्रमुख डॉ. अटल यांचे 'आय त-ह्वा' हे नाव प्रेम व सद्गुण या अर्थांच्या अक्षरांनी सुरू होते खरे. पण हीच तीन अक्षरे चिनी भाषेत 'एडवर्ड' या नावासाठी रूढ आहेत! साम्राज्यशाहीविरुद्धच्या लढ्यातील पथकाच्या प्रमुखास इंग्लंडच्या राजांचे नाव लाभावे, ही गंमत नजरेआड करू नये. मात्र पाचांच्याही नावांत एक अक्षर समान असणे हे निव्वळ राष्ट्रनामाचे चिन्ह नाही. चिनी कुटुंबांत एका पिढीच्या भावंडांच्या नावांत एक अक्षर समान ठेवण्याची चाल आहे. त्या दृष्टीने हे पाच जण एका पिढीचे भाऊ ठरतात.

या नामकरणात काही गमावलेही आहे. फडणीस, चिटणीस यांप्रमाणे 'कोटणीस' मधील 'नीस' हा फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा. चिनी नावात हा लेखनिक गळून पडला आणि 'कोट' ही गेला. मौजेची गोष्ट अशी की, १९४१ मध्ये त्यांनी जिच्याशी विवाह केला त्या परिचारिकेच्या 'क्वो' या आडनावाचा अर्थ नगराचा बाहेरील तट असा आहे. यातून काही निष्कर्ष काढावयाचा नाही.

त्यांच्या पत्नीचे नाव आपल्याला परिचित झाले ते मुख्यतः व्ही. शांताराम यांच्या 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' (१९४६) या चित्रपटामुळे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या १९४४ मधील इंग्रजी पुस्तकावर आधारलेल्या या चित्रपटात जयश्री यांनी ही भूमिका केली. तेथे ती 'चिंग लान' आहे. मूळ नाव 'क्वो छिंग-लान' : 'छिंग' म्हणजे आनंदोत्सव, 'लान' म्हणजे ऑर्किडचे फूल. चित्रपटात 'छ' चा 'च' झाला आणि आडनाव गेले. चिनी स्त्री विवाहानंतरही माहेरचे आडनाव ठेवते; २०१२ मध्ये निधन होईपर्यंत त्या क्वो छिंग-लानच राहिल्या. आपल्या लेखनात त्यांचा 'श्रीमती कोटणीस' असा उल्लेख करणे सौजन्याचे असले, तरी नावाच्या दृष्टीने ते अनुवादाचे एक रूप आहे.

या दांपत्यास १९४२ च्या ऑगस्टमध्ये पुत्र झाला. 'यिन-ह्वा' हे त्याचे नाव सेनानी न्ये रुंग-चन यांनी सुचविले. 'यिन' म्हणजे भारत, 'ह्वा' म्हणजे चीन, एवढे मराठी वाचकास ठाऊक असते. परंतु 'यिन' चा शब्दशः अर्थ मुद्रा, शिक्का. भारतासाठी ते ध्वनीखातर आले. त्यापूर्वी 'सिंधू' वरून चिनी ग्रंथांत आलेल्या नावात 'शरीर' व 'विष' या अर्थांची अक्षरे होती. वर उल्लेखिलेल्या सातव्या शतकातील प्रवाशाने 'यिन-तु' हाच शुद्ध उच्चार ठरवून त्याचा संबंध संस्कृत 'इंदू' शी, म्हणजे चंद्राशी जोडला. यिन-ह्वाच्या नावात आणखी एक गोष्ट आहे. पित्याच्या नावातील अक्षर पुत्राच्या नावात वापरणे जुन्या चिनी शिष्टाचारास धरून नाही. येथे 'ह्वा' बापलेकांत समान आहे. पाच डॉक्टरांत जे अक्षर भावांचे होते, ते या एका घरात पित्याकडून पुत्राकडे गेले. वैद्यकाचे शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये यिन-ह्वाचे निधन झाले, आणि 'ख' हे कोटणीसांचे चिनी आडनाव पुढे लावणारे त्या घरात कोणी उरले नाही.