'ठसा' आणि 'चर्या' : 'कॅरेक्टर बिल्डिंग इन काश्मीर' या ग्रंथातील चारित्र्यकल्पना

ख्रिस्ती मिशनच्या शाळांची चर्चा सामान्यतः दोन प्रश्नांभोवती होते : इंग्रजी विद्येचा प्रसार किती झाला, आणि धर्मांतरे किती झाली. या दोन्ही मापांनी जिचे महत्त्व ध्यानात येत नाही, अशी एक शाळा चर्च मिशनरी सोसायटीने श्रीनगर येथे चालविली. सेसिल अर्ल टिंडेल-बिस्को १८९० मध्ये तेथे आले आणि १९४७ पर्यंत त्यांनी तिची धुरा वाहिली. एवढ्या दीर्घ काळात तेथील विद्यार्थ्यांपैकी ख्रिस्ती झालेले अगदीच थोडे. टिंडेल-बिस्को यांना जे फल अभिप्रेत होते त्याला ते 'कॅरेक्टर' म्हणत, आणि ते कसे निर्माण केले याचा वृत्तान्त त्यांनी 'कॅरेक्टर बिल्डिंग इन काश्मीर' (लंडन, १९२०) या ग्रंथात दिला आहे. अभ्यासक्रमाबाहेरील उपक्रमांनी चारित्र्य घडते, हे गृहीत आज शिक्षणक्षेत्रात जवळजवळ निर्विवाद मानले जाते. त्याची परीक्षा घेण्यास हा ग्रंथ विशेष उपयुक्त आहे. कारण त्यातील पुरावा त्याच्याच सिद्धान्ताला पुरता अनुकूल नाही.

(१) प्रथम शब्दांचा विचार करणे युक्त होईल. इंग्रजी 'कॅरेक्टर' हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला, त्याचा मूळ अर्थ कोरण्याचे साधन व त्याने उमटलेली खूण असा आहे. नाण्यावरील मुद्रा, लिपीतील अक्षर आणि मनुष्याचा स्वभाव हे तिन्ही अर्थ या एकाच कल्पनेतून निघतात. ठसा उमटविणारा वेगळा आणि ज्यावर तो उमटतो ते द्रव्य वेगळे, हा भेद या शब्दाच्या पोटातच आहे. 'चारित्र्य' हा शब्द याच्या अगदी उलट दिशेचा. तो 'चर्' म्हणजे चालणे, वागणे या धातूपासून सिद्ध झाला आहे. त्याच धातूपासून आलेला 'चरित्र' हा शब्द हिंदीत स्वभाववाचक झाला आणि मराठीत जीवनवृत्तान्ताचा वाचक झाला. परंतु मनुष्य जसा चालतो तसा तो असतो, ही जाणीव दोन्हींत टिकून आहे. 'चालचलणूक', 'वागणूक', 'वर्तणूक' हे आपले नित्याचे शब्दही गतिवाचकच आहेत. यांपैकी प्रत्येकाचा कर्ता तो तो मनुष्य स्वतः असतो; दुसऱ्याचे चालणे कोणास चालता येत नाही.

टिंडेल-बिस्को यांच्या ग्रंथनामात 'कॅरेक्टर'ला 'बिल्डिंग' हे क्रियावाचक नाम जोडलेले आहे. ठशाच्या जोडीला बांधकाम आले, आणि दोन्हींत मूल हे द्रव्यच राहिले.

(२) ही कल्पना तिच्या शुद्ध स्वरूपात १८९१ च्या फुटबॉलप्रसंगात दिसते. शाळेतील बहुसंख्य मुले काश्मिरी पंडितांची होती. चेंडू चामड्याचा आहे असे कळताच त्यांनी त्यास स्पर्श करण्याचे नाकारले. मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या हाती काठ्या देऊन मुलांना मैदानावर नेले व खेळ सुरू करविला. चेंडू एका मुलाच्या तोंडावर आदळला. तो विटाळला म्हणून एकच गोंधळ उडाला. तेव्हा त्यास पाण्याने धुऊन आणण्यास सांगण्यात आले आणि खेळ पुढे चालू झाला. ग्रंथकर्ता हा प्रसंग विजयवार्तेच्या थाटात सांगतो.

अस्पृश्यतेच्या इतिहासाशी परिचित असलेल्या मराठी वाचकास या प्रसंगाचे मूल्य कळावयास वेळ लागत नाही. चामड्याचा विटाळ हा मनुष्यांच्या विटाळाशी निगडित होता, आणि तो मोडणे इष्टच होते. परंतु त्या दिवशी मोडला तो विधिनिषेध. चांभाराविषयी समभाव उत्पन्न झाला किंवा काय, हे त्या चेंडूवरून ठरत नाही. काठीच्या भयाने मोडलेला नियम आणि स्वतःच्या निर्णयाने सोडलेला नियम यांचे बाह्य रूप एकच असते. चारित्र्य मात्र दुसऱ्यातच संभवते. शिवाय काठ्या धरणारे शिक्षकही बहुतांशी पंडितच होते. स्वतःचा संस्कार दाबून, वरिष्ठाच्या आज्ञेने ते उभे राहिले. त्यांच्या मनात काय चालले होते, याविषयी ग्रंथकर्त्यास फारशी जिज्ञासा नाही.

(३) ग्रंथाचा कस लागतो तो पुढील प्रकरणांत. टिंडेल-बिस्को हे १८८४ च्या वार्षिक शर्यतीत केंब्रिजच्या नौकेचे सुकाणू धरणारे. श्रीनगरात नाव वल्हविणे हे हांजींचे काम, आणि म्हणून पंडितांच्या दृष्टीने हलके. तेच काम शाळेच्या जीवनाचे केंद्र झाले. ठराविक वयापर्यंत पोहणे न शिकणाऱ्या मुलाची फी वाढविली जाई. परंतु पोहणे आणि वल्हविणे एकदा अंगवळणी पडल्यावर त्यांचा विनियोग खेळापुरता राहिला नाही. मुले बुडणाऱ्यास वाचवू लागली, पुरात अडकलेल्यांना नावांतून हलवू लागली, शहरात आग लागली म्हणजे शाळेचा बंब घेऊन धावू लागली, आणि इस्पितळातील रुग्णांना दल सरोवरावर हवापालटासाठी नेऊ लागली. पटकीच्या साथीत गल्ल्यांतील घाण काढण्याचे काम शिक्षकांनी आणि मुलांनी मिळून केले.

येथे शिक्षणाची रीतच बदललेली दिसते. फुटबॉलच्या वेळी शिक्षक मुलांच्या पाठीमागे होते. गल्ली साफ करताना ते मुलांच्या बरोबर होते. आगीच्या ठिकाणी कोणता जिना चढावयाचा, कोणास आधी बाहेर काढावयाचे, हे काठीने शिकविता येत नाही. तेथे मुलास स्वतः ठरवावे लागते. म्हणजे ज्या कृत्यांचा ग्रंथकर्त्यास सर्वाधिक अभिमान आहे, ती 'ठसा' या कल्पनेने उलगडत नाहीत. 'चर्या' या कल्पनेने उलगडतात. शाळेचे बोधचिन्हही याच दिशेस बोट दाखविते : एकमेकांवर तिरपी ठेवलेली दोन काश्मिरी वल्ही. वल्हे श्रमाचे, त्याचे हृदयाकृती पाते दयेचे, आणि फुली आत्मत्यागाची खूण. वल्हे हे चालविण्याचे साधन आहे, छाप उमटविण्याचे नव्हे.

तथापि निवेदनाचा कर्ता बहुधा मुख्याध्यापकच राहतो. मुले प्रथम हास्यास्पद आणि नंतर प्रशंसनीय म्हणून पुढे येतात. त्यांचा स्वतःचा स्वर क्वचितच ऐकू येतो. याच शाळेचे पूर्वीचे प्रमुख जे. हिंटन नोल्स यांनी १८८५ मध्ये काश्मिरी म्हणींचा कोश प्रसिद्ध केला होता. सदाचरणाविषयी काश्मिरी माणूस स्वतः काय म्हणतो, हे जाणण्याचे साधन हाताशी होते. टिंडेल-बिस्को यांचा आदर्श मात्र त्या साधनावर उभा नाही. तो इंग्लंडमधील पब्लिक स्कूलच्या परंपरेतून आला आहे.

(४) शेवटचा प्रश्न गुणांकनाचा. या शाळेत गुणांची वाटणी बुद्धी, शरीर आणि आत्मा अशा तीन समान भागांत होई, आणि प्रत्येक मुलाच्या वर्तनाची नोंद पत्रकात ठेवली जाई. केवळ पुस्तकी परीक्षेस सर्वस्व मानणाऱ्या काळात ही योजना धाडसाची होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु दयेस गुण मिळू लागले की दया गुणांसाठी केली जाण्याचा संभव निर्माण होतो, आणि नोंदपत्रकास हा फरक ओळखता येत नाही. केंद्रीय माध्यमिक मंडळाने २००९ पासून २०१७ पर्यंत राबविलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वृत्ती व मूल्ये यांना श्रेणी देण्यात येत असे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही समग्र प्रगतिपत्रकाचा पुरस्कार केला आहे. महाराष्ट्रातील शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा रकाना असतो आणि तेथे बहुधा 'चांगली' एवढाच शब्द लिहिला जातो. त्या रकान्यातील शब्द योग्य आहे. त्याचा उपयोग तेवढा निरर्थक झाला आहे. वर्तणूक ही पाहण्याची व सांगण्याची वस्तू असल्याने तिचा वृत्तान्त देता येतो. तिचा अंक काढला की ती पुन्हा ठसा बनते.

'कॅरेक्टर बिल्डिंग इन काश्मीर' हा ग्रंथ अहंकार आणि करुणा यांच्या विलक्षण मिश्रणातून लिहिला गेला आहे. त्यातील तुच्छतादर्शक वर्णनांमुळे तो टाकून देणे जितके सोपे, तितकेच त्यातील पराक्रमांमुळे त्याची पद्धती जशीच्या तशी उचलणे सोपे. दोन्ही टाळून तो वाचला पाहिजे. शाळेने मुलास वल्हे द्यावे, पाणी दाखवावे, आणि शिक्षकाने त्याच नावेत बसावे, एवढे या ग्रंथातील घटनांवरून निश्चितपणे सिद्ध होते. चारित्र्य बाहेरून बांधता येते, हे ग्रंथनामातील प्रमेय मात्र ग्रंथात सिद्ध झालेले नाही.